अकरा नंबरचा बिल्ला

१

सकाळी साडेसातला गेटवालीने गुहेचं कुलूप काढलं आणि आठच्या आत ती दोनशे पायऱ्या धावत खाली आली. पहिल्या वळणावरच्या लाकडी जिन्याखाली, वटवाघळांच्या घाणीत, एक म्हातारा पालथा पडला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण तेवढ्याने माणूस लगेच मरत नाही. जीव जायला रात्रीचे तीन वाजले असावेत, असं डॉक्टर म्हणाला. म्हणजे सुमारे अकरा तास. त्या वेळात म्हातारा कोपरांवर सरपटत बारा हात गेला होता. गेट उजवीकडे होतं. तो डावीकडे, आत आत गेला होता. अंधारात त्याला ते कळलं नव्हतं.

म्हातारा साधासुधा प्राध्यापक नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी याच गुहेत त्याने हातांच्या ठशांचं दालन शोधून काढलं होतं. भिंतीवर पंजा टेकवायचा, तोंडात गेरूचं पाणी घेऊन त्यावर फुंकायचं, की पंजा उचलल्यावर त्याची कोरी आकृती मागे राहते. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी असे साठ हात उमटवले होते. त्यातला एक लहान मुलाचा. तो 'बाळहात' पाठ्यपुस्तकांत गेला, पोस्टाच्या तिकिटावर गेला, आणि त्याचं बोट धरून प्राध्यापकही मोठे झाले.

खाली विश्रामगृहाच्या व्हरांड्यात प्राध्यापकांची धाकटी बहीण चहा पीत होती. बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर, आता निवृत्त. भावाबरोबर या सहलीला आली होती, पण गुडघ्यांमुळे वर चढली नव्हती. बातमी ऐकून तिने कप बशीत ठेवला. ती रडली नाही. या भावापायी जे काही रडायचं ते तिने लहानपणीच उरकून घेतलं होतं.

तिला आठवलं ते वेगळंच. काल रात्री जेवणाच्या वेळी आचारी प्राध्यापकांचं ताट घेऊन निघाला होता, तेव्हा तिनेच त्याला परत फिरवलं होतं. "लिहीत बसला असेल. दार वाजवलंस तर अंगावर येईल." चाळीस वर्षांची रीत होती ती. गुहेतून आला की दादा दार लावून घ्यायचा आणि सकाळीच उघडायचा. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

नऊच्या आत फौजदाराने गेटवालीला गाडीत घातलं. आत माणूस असताना तिने कुलूप लावलं होतं, एवढं त्याला पुरेसं होतं. गाडीत बसताना ती एकच गोष्ट घोकत होती.

"बिल्ले वीसच्या वीस होते."

२

"हे बिल्ल्यांचं काय प्रकरण आहे?" आत्याने कोठडीच्या गजांतून विचारलं.

ती प्राध्यापकांच्या मुलीची आत्या. पण विश्रामगृहातले सगळेच तिला दोन दिवसांत आत्या म्हणू लागले होते. फौजदार मात्र 'सिस्टर' म्हणत होता. मृताची बहीण आणि वर दवाखान्यातली, म्हणून त्याने पाच मिनिटं दिली होती.

"तुमच्या भावानेच घातलेली पद्धत आहे, बाई," गेटवाली म्हणाली. "गेटाशी फळी आहे. वीस खिळे, वीस बिल्ले. आत जाताना गळ्यात घालायचा, बाहेर येताना आपल्या हाताने अडकवायचा. फळी भरली की आत कोणी नाही. चार वाजता मी तीन हाका मारते आणि कुलूप लावते. बावीस वर्षं हेच करतेय."

"काल?"

"दीडला तुमचे चौघे आत गेले. सर, त्यांची मुलगी, जावई, आणि खोदकाम बघतात ते साहेब. दुसरं कोणीच नव्हतं. जावई अडीचला बाहेर. साहेब पावणेतीनला. मुलगी तीन-दहाला. तिघांचे बिल्ले मी बघितले. एकटा अकरा नंबर राहिला, सरांचा. सव्वातीनला मी पाण्याला खाली गेले."

"कसलं पाणी?"

"गेटाशी हौद आहे, एवढासा. त्यात औषधाचं पाणी असतं. गुहेतली बुरशी बाहेर जाऊ नये म्हणून येणाऱ्याने बूट त्यात बुडवायचे. रोज सव्वातीनला मी तो रिकामा करते आणि खालून ताजं पाणी आणते. पावणेचारला वर आले, तर अकरा नंबर खिळ्यावर. मी म्हटलं, सर आले वाटतं." तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "नियमात मी कधी कोणाची गय केली नाही. तुमच्या भाचीलासुद्धा कालच चार शब्द सुनावले. गेटाशी बाकावर बसली होती आणि बूट हे एवढे बरबटलेले. हौद भरला आणि तिला म्हटलं, ताई, आधी बूट बुडवा, मग पाय चोळत बसा."

"आरोप सिद्ध झाला तर?"

"नोकरी जाईल आणि सात वर्षं आत जाईन, असं फौजदार म्हणतात. घरी सासू अंथरुणाला खिळलेली आहे. तिला वळवायला दोन माणसं लागतात. मी तिथे एकटीच आहे."

बाहेर फौजदार दात कोरत उभा होता. "बाई चांगली आहे, सिस्टर. पण बावीस वर्षांत माणूस सरावतो, आणि सरावलेला माणूस बघत नाही, नुसता बघितल्यासारखं करतो. तुमच्यातल्याच कोणीतरी चुकून म्हाताऱ्याचा बिल्ला बाहेर आणून अडकवला असेल. हिने डोकी मोजली नाहीत."

"आणि कोणी मुद्दाम अडकवला असेल तर?"

फौजदाराने काडी फेकली. "मग मला तुमच्या घरातला माणूस धरावा लागेल. चालेल?"

३

जावयाची चौकशी करायची गरजच नव्हती. तीनपासून चारपर्यंत तो आत्यासमोरच बसून गुहेतल्या वासाबद्दल तक्रार करत होता. तरी तिने त्याला विचारलं.

"सासरेबुवांचं वाईट वाटतंय का, जावईबापू?"

"खरं सांगू? त्यांनी वीस वर्षांत मला नावाने हाक मारली नाही. 'ए बैल' म्हणायचे. काल गुहेत मला ओकारी आली, तर म्हणाले, वटवाघळांचं काय घेऊन बसलात, हा बघा, वासाला हा एकटाच पुरे आहे." त्याने शर्टाची बाही खाली ओढली. "पण बैल मारत नाही, आत्याबाई. बैल फार तर शिंग हलवतो."

"आणि माझी भाची?"

"ती काय. सावलीसारखी त्यांच्या मागे. बाहेर निघालं की त्यांची पिशवी हिच्या खांद्यावर. दुसऱ्या कोणी हात लावला तर छडी. ते बोलायचे, ही लिहून घ्यायची. माझी बायको कमी, त्यांची कारकून जास्त."

भाची खोलीत खाटेच्या कडेवर बसली होती. चव्वेचाळीस वर्षांची, केस घट्ट बांधलेले, हात मांडीवर. आईविना वाढली, म्हणजे अर्धीअधिक आत्याच्याच घरी. आत्या तिच्याशेजारी बसली.

"बाळ, काल दालनात काय झालं?"

"काही नाही. बाबा ठसे बघत होते. आधी हे निघाले, मग साहेब. मी थोडा वेळ बसले. बाबा म्हणाले, तू हो पुढे. मी आले."

"काही सांगितलं त्याने? लिहून घेतलं?"

"वहीसुद्धा काढली नाही."

"आणि बाहेर आल्यावर?"

"बाकावर बसले होते. पाय दुखत होते. बाबा बाहेर आलेले मी बघितले नाहीत." ती थांबली. "आत्या, ती गेटवाली सुटेल का गं?"

"तूच सांग."

भाचीने खिडकीबाहेर बघितलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

४

खोदकाम बघणारा साहेब हा प्राध्यापकांचा पट्टशिष्य. गेटापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची शेड होती. तिथे तो माती चाळत, दगडी छिलके धूत बसायचा. आत्या पालखीच्या खुर्चीत बसून वर आली होती. चार माणसं घामाघूम झाली होती आणि ती त्यांना वळणावर वळणावर पाय कसा टाकायचा ते शिकवत होती.

"फौजदार माझ्याकडे वाकड्या नजरेने बघतोय, आत्या," शिष्य म्हणाला. "आणि कारण आहे. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. बाळहात खोटा आहे."

आत्या समोरच्या स्टुलावर बसली.

"त्या हाताच्या रंगाखाली चुन्याचा पातळ थर आहे. गेल्या वर्षी त्याचा कण काढून तपासायला दिला. आठवड्यापूर्वी उत्तर आलं. थर चाळीस वर्षांचा आहे, म्हणजे रंग त्याहून जुना नाही. बाकीचे एकोणसाठ हात खरे, हजारो वर्षांचे. हा एक सरांच्या पहिल्या खोदकामातला."

"हे दादाला कधी सांगितलंस?"

"काल दुपारी अडीचला. तिथेच, त्या हातासमोर. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. तीस वर्षं माझं काम त्यांच्या नावावर छापून आलं. मला वाटलं, आता तरी ते नमतील." तो कडवट हसला. "ते हसले. म्हणाले, 'याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे, गाढवा.' वही काढली आणि मुलीला म्हणाले, 'लिही.' मी निघून आलो."

"शेडमधून गेट दिसतं?"

"नाही. आणि पाण्याच्या आवाजात काही ऐकूही येत नाही."

"म्हणजे तू इथेच होतास, हे सांगणारं कोणी नाही."

"कोणीच नाही."

दारात फौजदार उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच उत्साह दिसत होता.

"सिस्टर, बाजूला व्हा. गेटवालीच्या जोडीला दुसरा मिळाला."

५

"धरायचं तर धरा," आत्या म्हणाली. "पण त्याआधी दादाची पिशवी दाखवा."

पिशवी प्रेतापासून बरीच अलीकडे, गेटाच्या बाजूला, लाकडी वाटेवर कठड्याला टेकून सरळ उभी सापडली होती. फौजदाराने ती टेबलावर रिकामी केली. चष्म्याचं घर, वही, पाण्याची बाटली, डोक्याला बांधायचा दिवा.

"दिवा लागत नाही. सेल संपलेत. म्हाताऱ्याचा दिवा गेला, वाट चुकला, पडला."

आत्याने दिव्याचं झाकण फिरवून सेल तळहातावर ओतले. मग ते तसेच, होते त्या दिशेने, परत टेबलावर मांडले. दोन सुलट, एक उलटा.

"हा कोणी उलटवला?" फौजदाराने विचारलं.

शिष्य पुढे वाकला. "सरांनीच. आम्ही सगळे तसंच करतो. दमट हवेत दिवा पिशवीत दाबला जाऊन चुकून पेटतो, म्हणून काम संपलं की एक सेल उलटा. पण..." तो थांबला. "पण ते बाहेर आल्यावर. उजेडात. आत असताना दिव्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. नवीन माणसाला या एका चुकीसाठी ते घरी पाठवायचे."

"फौजदारसाहेब," आत्या म्हणाली, "पोट शिवायच्या आधी आम्ही कापसाचे बोळे मोजतो. मोजणी जुळली, आणि तरी महिन्याने पोटात बोळा सापडला, तर नवशिके म्हणतात, मोजणारी खोटं बोलली. जुनी माणसं विचारतात, मोजून झाल्यावर आत कोणाचा हात गेला होता? तुमच्या गेटवालीने बरोबर मोजलं. दादा बाहेर आला. त्याने स्वतःच्या हाताने बिल्ला अडकवला, सेल उलटवला, दिवा पिशवीत टाकला. आणि मग परत आत गेला."

"बिल्ल्याशिवाय? दिव्याशिवाय?"

"दिवा दुसऱ्याच्या डोक्यावर होता. पिशवीही दुसऱ्याच्या खांद्यावर. त्याच्याच खांद्यावर असती तर त्याच्याबरोबर खाली पडली असती, आणि चाचपून का होईना, त्याने सेल सुलटा केला असता. पिशवी कोणीतरी जाताना नीट टेकवून ठेवली आहे. बाहेर आणली असती तर प्रश्न उठले असते."

फौजदाराने शिष्याकडे बोट केलं. "म्हणजे हाच."

"याला तो पिशवी देईल? आणि बिल्ल्याचा नियम दादाने स्वतः घातला होता. तो मोडून, गेटवाली नसताना, चोरासारखा तो आत कशाला जाईल? आपण गेलो होतो हे कोणाला कळू नये म्हणून. त्या भिंतीवरचा हात खरवडून टाकायचा असेल, तर पुरावा गोळा करणाऱ्यालाच बरोबर नेईल का?"

आत्याने वही उघडली. शेवटच्या पानावर गोल, नीटस अक्षर होतं, आणि खाली भावाची तिरकी सही. तिने पान वाचलं. मग वही मिटून पदराखाली घेतली.

"एक तास द्या मला," ती म्हणाली. "पळून जाणारं कोणी नाही."

६

भाची खाटेच्या त्याच कडेवर बसली होती. आत्याने दार लावलं.

"तू तीन-दहाला बाहेर आलीस. हौदात तेव्हा औषध होतं, बूट बुडवलेस. मग पावणेचारला तेच बूट बरबटलेले कसे?"

भाचीने पाय खाटेखाली ओढून घेतले.

"वही काढली नाही म्हणालीस. हे तुझं अक्षर आहे." आत्याने पान वाचून दाखवलं. "'सदर हात माझ्या दिवंगत पत्नीने, जी खोदकामावर चित्रांच्या नकला काढत असे, मत्सरापोटी रंगवला असावा. तिच्या मनाचा तोल त्या काळी ढळलेला होता.'"

"असावा नाही," भाची शांतपणे म्हणाली. "आधी 'रंगवला' एवढंच सांगितलं होतं. मग म्हणाले, 'असावा' घाल, खरं वाटतं. मी घातलं." तिने मान वर केली. "हात माझा आहे, आत्या. मी चार वर्षांची होते. त्यांनी मनगट धरलं आणि फुंकलं. डोळ्यांत गेरू गेला तेव्हा मी हात हलवला, म्हणून थोबाडीत मारली आणि परत फुंकलं. आईने त्या हाताची नक्कल काढायला नकार दिला. त्यांनी तिला खोदकामावरून हाकललं, मग घरातून. वेडी आहे म्हणून सांगितलं सगळ्यांना. तुलाही. तू मान डोलावलीस."

आत्याने ते नाकारलं नाही.

"बाबा बाहेर आले तेव्हा मी बाकावर होते. मी म्हटलं, बाबा, तो हातच पुसून टाकू, मग आईचं नाव घ्यायची वेळच येणार नाही. त्यांना पटलं. म्हणाले, पुसू, आणि हे पानही छापू, दोन्ही बाजूंनी बरं. हसत होते. जिन्यापाशी मी थांबले, पिशवी ठेवली आणि मागे वळले. दिवा माझ्याकडे होता. एवढंच. ढकललं नाही. त्यांनी हाक मारली, 'कुठे मेलीस?' मी उत्तर दिलं नाही. मग आवाज आला, लाकूड मोडल्यासारखा."

"आणि रात्रभर?"

"रात्रभर बसले होते इथे. दोनदा दारापर्यंत गेले." ती विचार करत म्हणाली. "दुसऱ्यांदा कडीला हात लावला होता."

आत्याने वही दोघींच्या मध्ये खाटेवर ठेवली.

"हे पान आता फौजदाराकडे जाईल. तू गप्प राहिलीस तर ते तुझ्या अक्षरात, त्याच्या सहीने छापून येईल. तो मेल्यावर तर जास्तच खरं वाटेल. तो हात कोणाचा, हे सांगणारं जिवंत माणूस तू एकटी आहेस. पण ते सांगायचं तर काल काय केलंस तेही सांगावं लागेल. आईचं नाव हवं, की स्वतःची कातडी? आणि तिकडे एक बाई तुझ्या जागी बसली आहे."

भाचीने वही मिटली.

"तुला माहीत होतं मी काय निवडणार. म्हणून असं विचारलंस." तिच्या आवाजात राग नव्हता. "अगदी त्यांचीच बहीण आहेस तू."

"हो," आत्या म्हणाली. "बूट घाल."

७

जबानी चार पानांची झाली. पहिलं दीड पान आईबद्दल होतं. फौजदार म्हणाला, याची गरज नाही. भाची म्हणाली, मग मी सही करत नाही. त्याने लिहून घेतलं.

गेटवालीला दुपारी सोडलं. ती बाहेरच्या खोलीत आली तेव्हा तिचं सामान कागदाच्या पुडीत बांधून दिलेलं होतं. भिंतीलगतच्या बाकावर भाची बसली होती, शेजारी महिला शिपाई. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

गेटवाली भाचीसमोर उभी राहिली. "ताई, वडील गेले तुमचे. सावरा." मग तिने आत्याकडे बघितलं. सकाळपासून मनात धरून ठेवलेली गोष्ट तिने आता विचारली. "बाई, तुम्ही दवाखान्यातल्या. एक सांगा. मी कुलूप लावलं तेव्हा ते जिवंत होते ना? मी तीन हाका मारल्या. त्यांनी ओ दिली असेल का?"

आत्याने उत्तराला तोंड उघडलं, पण तिच्याआधी भाची बोलली. समजूत घालावी तशा हळू आवाजात.

"दिली असेल. ओरडतच होते. पण वटवाघळांच्या कलकलाटात वळणाच्या अलीकडे काही ऐकू येत नाही. मी वळण ओलांडलं, आणि मलासुद्धा ऐकू यायचं बंद झालं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

गेटवालीचा हात भाचीच्या खांद्याकडे निघाला होता, तो तिथेच थांबला. ती एक पाऊल मागे सरकली, मग आणखी एक. तिने पुडी छातीशी धरली आणि कोणालाही काही न विचारता उन्हात निघून गेली.